मोटारसायकलच्या मॅट रंगाच्या टाकीवरील पाण्याचे डाग : लातूर येथील एक प्रकरण

पार्श्वभूमी

लातूर शहरातील एका वसाहतीत राहणारा, बियाणे व खतांच्या दुकानासाठी फिरतीचे काम करणारा सव्वीस वर्षांचा एक तरुण मे महिन्यातील एका रविवारी सकाळी आपली मोटारसायकल घेऊन माझ्याकडे आला. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वाहनदुरुस्ती शिकवतो आणि हा तरुण माझा जुना विद्यार्थी. गाडी दसऱ्याला घेतलेली, म्हणजे जेमतेम सात-आठ महिन्यांची, गडद राखाडी मॅट, म्हणजे न चकाकणाऱ्या, रंगाची. औसा, निलंगा, किल्लारी या बाजूच्या गावांतून रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर फिरून ती धुळीने माखून येई, आणि घरी आल्याबरोबर बोअरच्या पाण्याने ती धुवायची हा त्याचा नेम होता. गाडीची निगा न राखणाऱ्या माणसाचे हे प्रकरण नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

बोअरचे पाणी वापरण्यात त्याची चूक नव्हती. लातुरात नळाला पाणी अनेक दिवसांच्या खंडाने येते आणि आले की ते पिण्यासाठी भरून ठेवायचे असते. २०१६च्या एप्रिलमध्ये ज्या शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे नळाच्या पाण्याने गाडी धुण्याचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. उरते ते बोअरचे पाणी. दख्खनच्या काळ्या खडकातील भेगांमधून खोलवर मुरताना ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेते. शाळेच्या पुस्तकातले ‘दुष्फेन’ पाणी ते हेच. घरोघरी त्याला जड पाणी म्हणतात, कारण त्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ लवकर शिजत नाही. आयएस १०५०० : २०१२ या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा दुष्फेनपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावा. हे माप माणसाच्या पिण्यासाठी आहे. गडद रंगाच्या तापलेल्या पत्र्यावर याहून कितीतरी कमी क्षाराचे पाणीही वाळले की खूण सोडतेच.

समस्या

गाडी उन्हात तिरपी उभी करून पाहिली तेव्हा एकात एक मिसळलेल्या तीन निरनिराळ्या गोष्टी दिसल्या. पहिली म्हणजे डाग. पेट्रोलच्या टाकीच्या डाव्या उतारावर हरभऱ्याच्या डाळीपासून दहा रुपयांच्या नाण्यापर्यंतच्या आकाराची पांढुरकी वर्तुळे पडली होती आणि प्रत्येकाची कड मधल्या भागापेक्षा जाड व अधिक पांढरी होती. थेंब वाळताना कडेचे पाणी आधी उडते, मधले पाणी कडेकडे ओढले जाते आणि येताना क्षारही घेऊन येते, म्हणून ही कड तयार होते. मोबाइलवर फोटो मोठा करून मोजले तेव्हा असे बत्तीस डाग भरले. दुसरी गोष्ट, टाकीच्या वरच्या अंगाला तळहाताएवढा भाग चकाकत होता. तिसरी, संपूर्ण टाकीला एक तेलकट, काळसर छटा आलेली होती आणि बोट फिरवले की त्याला धूळ चिकटत होती.

या तीन गोष्टी वेगळ्या का धरायच्या, हे समजण्यासाठी मॅट रंग म्हणजे काय ते पाहावे लागते. चकचकीत रंगात सर्वांत वरचा पारदर्शक थर आरशासारखा सपाट असतो, त्यामुळे उजेड एकाच दिशेने परततो. मॅट रंगात त्याच पारदर्शक थरात सिलिकाची अतिसूक्ष्म भुकटी मिसळलेली असते. वाळल्यावर पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे उंचसखल तयार होते आणि उजेड चहूकडे विखुरतो. मॅटपणा हा रंगाचा गुण नसून पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचा आहे. उंचवटे घासून सपाट केले तर तेथे चकाकी येते आणि ती परत घालवता येत नाही. सखल भागात तेल भरले तर छटा गडद होते, पण तेल निघाले की पूर्ववत होते. सखल भागात क्षार बसला तर पांढरा डाग दिसतो आणि तो काढायचा तर घासून नव्हे, विरघळवूनच काढावा लागतो. चकचकीत रंगावर उपयोगी पडणारे जवळपास सगळे घरगुती उपाय येथे उलटतात ते यामुळेच.

आधी झालेले उपाय

मार्चमध्ये डाग पहिल्यांदा दिसले तेव्हा त्याने गाडी वॉशिंग सेंटरवर नेली. तेथील रीतीप्रमाणे धुऊन झाल्यावर गाडीवर डिझेलचा बारीक फवारा मारून फडक्याने पुसण्यात आले आणि डाग नाहीसे झाले. खरे तर ते झाकले गेले होते. क्षाराचा पांढरेपणा दिसतो तो कोरडेपणी. तेलाने भिजला की तो पारदर्शक होतो. चार दिवसांत डिझेल उडाले, मागे राहिलेल्या तेलकट अंशावर धूळ बसली आणि डाग पुन्हा वर आले. त्याने आणखी दोनदा तोच फवारा मारून घेतला.

त्यानंतर मित्राच्या सांगण्यावरून त्याने टूथपेस्ट लावून टाकीचा एक भाग घासला. दात स्वच्छ करण्यासाठी टूथपेस्टमध्ये बारीक घर्षक भुकटी असतेच. तिने डागाबरोबर मॅटपणाही नेला. तळहाताएवढी चकाकी ती हीच. घाबरून तो पुन्हा वॉशिंग सेंटरवर गेला, तेव्हा तेथील कारागिराने रबिंग, म्हणजे घर्षक पेस्टने घासणे, सुचवले, “भैय्या, सगळी टाकीच रबिंग मारून देतो, म्हणजे एकसारखी दिसेल.” या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय येथे झाला आणि तो त्या तरुणाने स्वतः, कोणाच्याही सल्ल्याशिवाय घेतला. त्याने नको म्हटले. हो म्हटले असते तर तळहाताएवढे नुकसान टाकीभर पसरले असते, तेही ठिकठिकाणी कमीजास्त, कारण हाताने मारलेले रबिंग सर्वत्र सारखे बसत नाही.

विचारात घेतलेले पर्याय

माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या डोक्यात अर्धा डझन सल्ले होते. त्यांतले काही बोलता बोलताच बाजूला पडले. फरशी आणि संडास साफ करण्याचे ॲसिड पाण्यात घालून वापरावे असे शेजाऱ्याने सांगितले होते. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. क्षार ते क्षणात खाईल हे खरे, पण ओघळून इंजिनाच्या ॲल्युमिनियमवर, चेनवर आणि क्रोमवर गेले तर तेही खाईल. खोबरेल तेल म्हणजे डिझेलच्या फवाऱ्याचीच सौम्य आवृत्ती. मेणाचे पॉलिशही नको, कारण मॅट पृष्ठभागाच्या सखल भागात मेण अडकून स्वतःचे पांढरे चट्टे सोडते.

त्याच्या आईने लिंबू सुचवले होते, आणि हा सल्ला मात्र विचार करण्याजोगा होता. लिंबातले सायट्रिक ॲसिड क्षार विरघळवते. पितळेचे तांबे-घागरी आपल्याकडे लिंबू-चिंचेने लखलखीत करतात त्यामागे आम्लाचेच काम असते. अडचण इतकीच की लिंबाच्या रसाची तीव्रता फळागणिक बदलते, त्यात गर आणि साखर असते, आणि लिंबाची फोड हातात आली की माणूस ती घासल्याशिवाय राहत नाही. व्हिनेगरमध्ये तेच काम ॲसेटिक ॲसिड करते आणि त्याचे प्रमाण बाटलीवर छापलेले असते. किराणा दुकानातून आणलेल्या पांढऱ्या व्हिनेगरवर ४ टक्के लिहिले होते. ते डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मे केले तर २ टक्क्यांचे द्रावण होते. रंगाच्या पारदर्शक थराला मिनिट-दोन मिनिटांत त्याने इजा होण्याची भीती फारशी नसते आणि क्षाराला ते पुरते.

शेवटचा पर्याय रंगाऱ्याचा होता. टाकीचा तेवढाच तुकडा रंगवून मिळेल का, ही त्या तरुणाची आशा मला मोडावी लागली. मॅट क्लिअर कोटची, म्हणजे त्या वरच्या पारदर्शक थराची, छटा मिश्रणाचे प्रमाण, फवाऱ्याचा दाब, थराची जाडी आणि वाळण्याचा वेळ या सगळ्यांवर ठरते. त्यामुळे जोड दिसतोच, आणि चकचकीत रंगात जसा जोड नंतर पॉलिश करून मिटवता येतो तशी सोय येथे नाही. टाकी उतरवून, रिकामी करून, संपूर्ण रंगवावी लागते. नवीन गाडीवर हे काम शेवटच्या टोकाला ठेवावे असे आम्ही ठरवले.

प्रत्यक्ष कृती

गाडी चालवून आणल्यामुळे टाकीखालचे इंजिन तापलेले होते, म्हणून ती दोन तास सावलीत उभी ठेवली. गरम पत्र्यावर कोणतेही द्रावण चटकन वाळते, आणि वाळणारे द्रावण म्हणजे नवा डाग. तोवर पाण्याचा प्रश्न सोडवला. बोअरच्या पाण्याने डाग धुण्यात अर्थ नव्हता, म्हणून पिण्याच्या जारमधले आरओचे पाणी वापरायचे ठरले. उन्हाळ्यात लातुरात जारचे पाणी गाडीला घालणे ही चैन आहे, आणि ते करताना दोघांनाही संकोच वाटला. दुकानातून आणलेला दोन लिटरचा नवा हातफवारा त्यासाठी कामी आला; तणनाशकाला वापरलेला फवारा कितीही धुतलेला असला तरी घ्यायचा नाही, ही अट मी घातली होती. संपूर्ण कामाला सहा-सात लिटर पाणी लागले.

क्रम ठरवताना थोडा विचार करावा लागला. मन डागांकडे धावत होते, पण पाण्यातले आम्ल तेलाखालच्या क्षारापर्यंत पोहोचत नाही, म्हणून आधी तेल काढणे भाग होते. प्रथम नुसत्या पाण्याचा फवारा मारून सुटी धूळ खाली वाहवली. कोरड्या धुळीवर फडके फिरवणे म्हणजे सँडपेपर फिरवण्यासारखेच. मग गाडी धुण्याच्या सौम्य शॅम्पूने, मऊ मायक्रोफायबर कापडाने, दाब न देता दोनदा धुतले. तरीही तेलकटपणा राहिला, तेव्हा आयसोप्रोपिल अल्कोहोल तेवढ्याच पाण्यात मिसळून कापड भिजवले आणि टिपल्यासारखे फिरवले. काळसर छटा गेली आणि मूळचा राखाडी रंग उघडा पडला. आता बत्तीसच्या बत्तीस डाग अधिकच ठळक दिसू लागले. त्या तरुणाचा चेहरा पडलेला मला आठवतो.

व्हिनेगरचे द्रावण प्रथम सीटखालच्या, बाहेरून न दिसणाऱ्या भागात लावून पाहिले. दोन मिनिटांनी धुऊन, टिपून, पूर्ण वाळल्यावर उजेडात पाहिले; छटेत फरक नव्हता. मग कापडाच्या घड्या द्रावणात भिजवून, ओघळणार नाहीत इतपत पिळून, टाकीच्या डाव्या उतारावर अंथरल्या. खाली चेन आणि इंजिनाचा भाग प्लॅस्टिकच्या कागदाने झाकला होता. मिनिटभराने एक घडी उचलली तेव्हा एका मोठ्या वर्तुळाच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे दिसले. कॅल्शियम कार्बोनेट आणि ॲसेटिक ॲसिड यांच्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि जे कॅल्शियम ॲसिटेट उरते ते पाण्यात सहज विरघळते. डाग खरोखर क्षाराचा आहे याचा इतका स्वस्त पुरावा दुसरा नाही. “सर, फेस येतोय की!” असे म्हणत तो कापडाने घासायला पुढे सरसावला आणि मला त्याचा हात धरावा लागला. घडी उचलायची, फवाऱ्याने धुवायचे, टिपायचे, आणि पुन्हा नवी घडी. एका जागी दोन मिनिटांहून अधिक नाही.

तीन फेऱ्या झाल्यावर पाच डाग उरले. त्याला ते पाचही घालवायचे होते, आणि तो म्हणाला की आता व्हिनेगर तसेच, पाणी न घालता, दहा मिनिटे ठेवू. मी थांबायचे ठरवले. बोटांवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून पृष्ठभागावरून फिरवली की बारीक खडबडही जाणवते. त्या पाच ठिकाणी वर आलेले काही लागत नव्हते. क्षार निघून गेला होता आणि उरला होता तो त्याने क्लिअर कोटवर सोडलेला ठसा, किंवा सौम्य आम्लाला दाद न देणारा सिलिकाचा पातळ पापुद्रा. दोन्ही बाबतीत अधिक तीव्र आम्लाने भर पडली असती ती नुकसानीत.

दुसरी फेरी : डाग परत आले

येथे हे प्रकरण संपले असे मी धरून चाललो होतो. चौथ्या दिवशी त्याने फोटो पाठवला. टाकीच्या डाव्या बाजूला लहान लहान नऊ नवे डाग, आणि मधल्या काळात गाडी धुतलेलीच नव्हती.

डाग डाव्याच बाजूला का, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडायला हवा होता. धुण्याच्या पाण्याचे डाग दोन्ही बाजूंना पडतात. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो तेव्हा उत्तर दारातच उभे होते. गाडी पडवीत, भिंतीला डावी बाजू करून, साइड स्टँडवर म्हणजे भिंतीकडे झुकलेली असे आणि वरच्या खिडकीत पत्र्याचा कूलर बसवलेला होता. कूलरच्या गवतातून बाहेरच्या अंगाने ठिबकणारे पाणी खिडकीच्या छज्जावर पडत होते आणि तेथून शिंतोडे टाकीवर उडत होते. कूलर रात्रभर चालू राही, सकाळपर्यंत थेंब वाळत, आणि त्याला वाटे की हे डाग आदल्या संध्याकाळच्या धुण्याचे आहेत.

कूलरचे पाणी बोअरच्या पाण्याहून वाईट असते, याचे कारण साधे आहे. कूलर पाण्याची वाफ करतो. वाफेबरोबर क्षार जात नाहीत, ते कूलरच्या टाकीत मागे राहतात, आणि आपण वरून आणखी क्षाराचे पाणी भरत राहतो. गवताच्या काड्यांवर चढलेला पांढरा थर लातूरकरांना दर मेमध्ये दिसतो, पण त्याचा गाडीशी संबंध कोणी लावत नाही. पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेले आहेत ते (टीडीएस) दाखवणाऱ्या माझ्याजवळच्या मीटरने मोजले : जारचे पाणी शंभराच्या आत, बोअरचे हजाराच्या थोडे वर, आणि कूलरच्या टाकीतले अडीच हजारांच्या पुढे. टीडीएस म्हणजे दुष्फेनपणा नव्हे, त्यात साधे मीठही मोजले जाते. तरी तुलनेसाठी हे आकडे पुरेसे बोलके होते.

परिणाम

नवे नऊ डाग ताजे होते, ते पुढच्या रविवारी एकाच फेरीत पूर्णपणे गेले. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करायची आणि छज्जावर पन्हळ लावून पाणी परसात सोडायचे, असे ठरले. पन्हळीचे काम त्याच्या वडिलांनी जुन्या पाइपाचा उभा अर्धा तुकडा कापून तासाभरात केले. गाडी धुण्यासाठी बोअरचेच पाणी चालू आहे. फक्त शेवटी हातफवाऱ्याने दीड लिटर आरओचे पाणी मारून ती सावलीत लगेच टिपली जाते, आणि रोजऐवजी आठवड्यातून दोनदा धुतली जाते. उरलेले पाच डाग तिरप्या उन्हात ओळखू येतात, एरवी नाही. टूथपेस्टची चकाकी मात्र सर्वांना सर्व वेळ दिसते.

काय वेगळे करता आले असते

माझी मोठी चूक म्हणजे मी डागांपासून सुरुवात केली, गाडी उभी राहते त्या जागेपासून नाही. दोन प्रश्न विचारले असते, गाडी रात्री कुठे असते आणि तिच्या वर काय आहे, तर दुसरा रविवार वाचला असता. विद्यार्थ्यांना इंजिनाचा बिघाड शोधताना आधी गाडी कशी वापरली जाते ते विचारा असे मी दरवर्षी सांगतो. रंगाच्या बाबतीत तो नियम माझ्याच ध्यानात राहिला नाही.

दुसरी उणीव चाचणीची. सीटखालचा भाग प्लॅस्टिकचा होता आणि टाकी पत्र्याची. दोन्हींवरचा रंग दिसायला एक असला तरी त्यांची रंगवण्याची आणि भाजण्याची प्रक्रिया एकच असेल असे धरता येत नाही. चाचणी टाकीवरच, सीटच्या टोकाखाली झाकल्या जाणाऱ्या बोटभर पट्टीवर घ्यायला हवी होती. काही बिघडले नाही, पण ते दैवाने.

त्या तरुणाच्या बाजूने पाहता, पहिला डाग दिसला त्या दिवशी ओल्या कापडाची घडी दहा मिनिटे ठेवली असती तर बहुधा निम्मे काम पाण्यानेच झाले असते. डाग दर उन्हात पुन्हा तापत गेला आणि अधिक घट्ट बसला. तीन वेळा मारलेल्या डिझेलने तो अधिक बिघडला नाही, पण दोन महिने नजरेआड राहिला, आणि पाच कायमचे ठसे बहुधा त्याच दोन महिन्यांतले आहेत.

थांबण्याच्या निर्णयाबद्दल मात्र मला आजही शंका नाही, जरी तो स्वतः अधूनमधून म्हणतो, “सर, अजून एकदा करून बघायचं का?”

रंगाऱ्याने संपूर्ण टाकीचे साडेतीन हजार सांगितले आहेत. त्याने ते काम तूर्त ठेवून दिले असून चकाकणाऱ्या जागेवर स्टिकर लावण्याचा विचारही सोडला आहे, कारण कडेला धूळ अडकून नवी रेघ उठण्याची भीती त्याला वाटते. सध्या घरात वाद चालू आहे तो गाडीच्या नव्या जागेचा. आईचे म्हणणे, अंगणातल्या कडुलिंबाखाली लावावी, सावली दाट आहे; पण त्या झाडावर सकाळ-संध्याकाळ साळुंक्या बसतात, आणि पक्ष्यांची विष्ठा उन्हात तापली तर मॅट रंगाला बोअरच्या पाण्यापेक्षा लवकर खाते. म्हणून गाडी तूर्त पडवीच्या दुसऱ्या टोकाला, उजवी बाजू भिंतीला लावून उभी असते.